हाताला मानवेल अशी मूठ

गोल्फ हा मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचा खेळ नव्हे. तरीही लष्करातून, बँकांतून वा मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कित्येकांची सकाळ आजही चेंबूरच्या, येरवड्याच्या किंवा एखाद्या छावणीतील मैदानावर उजाडते. साठी उलटल्यानंतरही नियमितपणे खेळता येतील असे मैदानी खेळ मोजकेच आहेत आणि त्यांत गोल्फचे स्थान वरचे आहे. अठरा होलांचा पूर्ण डाव पायी खेळला, तर सहा ते आठ किलोमीटरची चाल सहज घडते, तीही हिरवळीवर आणि समवयस्कांच्या सोबतीने. स्वीडनमधील सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदींच्या अभ्यासात, त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या तुलनेत त्यांचा मृत्युदर बराच कमी आढळला होता. मुळात सुदृढ असलेली माणसेच खेळत राहतात हे ध्यानात घेतले, तरी हा खेळ सहजासहजी सोडून देण्याजोगा नाही.

पायांनी साथ दिली तरी अनेकांचा खेळ हातांपाशी अडतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते, बोटांची पेरे जाड होतात, कोपर ठणकते आणि वर्षानुवर्षे सरळ जाणारा चेंडू उजवीकडे भरकटू लागतो. खेळणारा वयाला दोष देतो, घरची मंडळी म्हणतात, “बाबा, आता पुरे.” कधी कधी ते खरोखरच पुरे करण्याची वेळ आलेली असते. परंतु त्या निर्णयापूर्वी एक लहानशी गोष्ट तपासून पाहावी असे आम्हांस वाटते. ती म्हणजे क्लबच्या मुठीची जाडी.

मूठ आणि पकड

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात आणि तिच्या वरच्या टोकावर चढवलेल्या रबरी आवरणाला ग्रिप. या लेखात आपण त्या आवरणास मूठ म्हणू आणि हाताने ती धरण्याच्या क्रियेस पकड. हे दोन शब्द वेगळे ठेवलेले बरे, कारण मूठ बदलली की पकड बदलते आणि पकड बदलली की फटका बदलतो.

बाजारात मुठी साधारणतः चार मापांत मिळतात : अंडरसाइज, स्टँडर्ड, मिडसाइज आणि जम्बो. स्टँडर्ड मुठीचा व्यास वरच्या टोकापासून दोन इंच खाली मोजला असता सुमारे ०.९ इंच, म्हणजे २३ मिलिमीटरच्या आसपास भरतो. मिडसाइज त्याहून एक सोळांश इंचाने आणि जम्बो एक अष्टमांश इंचाने जाड असते. म्हणजे हा सारा खटाटोप अवघ्या दीड ते सव्वातीन मिलिमीटरांचा आहे. कंपनीगणिक मापांत थोडा फरक पडतो, म्हणून वेष्टनावरील शब्दापेक्षा हाताच्या साक्षीवर अधिक विसंबावे.

इतक्याशा फरकाने काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. स्वयंपाकघरातील लाटणे घ्या. त्याच्या निमुळत्या टोकाला बोटांनी धरून मनगट डावी-उजवीकडे फिरवा. नंतर तेच लाटणे मधल्या जाड भागाला मुठीत धरून तसेच फिरवून पाहा. पहिल्या वेळी मनगट मोकळे राहते, दुसऱ्या वेळी फिरणे जणू कोपरापासून सुरू होते. लाटण्यातील हा फरक ढोबळ आहे, परंतु क्लबच्या मुठीत घडते ते याच जातीचे.

चेंडू वाट का सोडतो

उजव्या हाताचा खेळाडू क्लब मागे व वर नेतो तेव्हा क्लबचे तोंड, म्हणजे चेंडूला भिडणारा सपाट भाग, उघडत जाते. खाली येताना, चेंडूशी गाठ पडण्याच्या सुमारास, त्याचे दोन्ही अग्रबाहू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे भाग, डावीकडे वळतात, मनगटे उलगडतात आणि ते तोंड पुन्हा लक्ष्यासमोर येते. हे वळणे लवकर झाले तर तोंड मिटते आणि चेंडू डावीकडे वळतो. त्यास हुक म्हणतात. ते अपुरे राहिले तर तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे वळत जातो, तो स्लाइस. डावखुऱ्या खेळाडूंनी या दिशा उलट समजाव्यात.

मूठ हाताच्या मानाने बारीक असेल तर ती बोटांत बसते, मनगटांना अधिक मोकळीक मिळते आणि तोंड वेळेआधी मिटण्याचा संभव वाढतो. मूठ प्रमाणाबाहेर जाड असेल तर ती बोटांतून तळहातात सरकते, मनगटे अवघडतात आणि तोंड उघडे राहते. शिवाय मागे नेताना मनगट जेवढे दुमडायला हवे तेवढे दुमडत नाही, त्यामुळे क्लबच्या टोकाचा वेग घटतो आणि चेंडू अलीकडेच पडतो. बारीक मूठ डावीकडे नेते, जाड मूठ उजवीकडे, हे प्रशिक्षकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सूत्र या निरीक्षणावर उभे आहे.

सूत्र चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. त्यात मुठीची जाडी मोजली जाते, मात्र ती मूठ किती जोराने आवळली आहे हे मोजले जात नाही. बोटे मिटवणारे स्नायू अग्रबाहूत असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे जातात. मूठ करकचून आवळली की मनगट आपोआप ताठ होते. स्वतःची मूठ घट्ट आवळून मनगट हलवून पाहिल्यास याची तत्काळ प्रचीती येईल. आता दुखऱ्या हाताचा विचार करा. बारीक, गुळगुळीत मूठ निसटेल या भीतीने तो हात ती अधिकच आवळतो, मनगट ताठते, तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे जातो. सूत्राप्रमाणे बारीक मुठीने तो डावीकडे जायला हवा होता! अशा हातात थोडी जाड मूठ दिली, तर आवळण्याची गरज कमी होते, मनगट सैलावते आणि फटका सरळ होऊ शकतो. जाडीचा परिणाम प्रत्येक हातावर सारखाच होत नाही, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावरून आपली मूठ ठरवू नये.

याच्या उलट प्रकारही घडतो. वेदनेमुळे काही जण मूठ फारच सैल धरतात. मग चेंडू तोंडाच्या मध्यभागी न लागता कडेला लागला की क्लब हातातच फिरतो आणि चेंडू कोठेही जातो. हातमोजा तळहाताच्या टाचेपाशी वारंवार झिजत किंवा फाटत असेल, तर क्लब हातात सरकतो आहे असे समजावे.

अतिजाड मुठींची अलीकडे थोडी हवाही झाली आहे. ब्रायसन डिशॅम्बो या अमेरिकी खेळाडूने २०२० आणि २०२४ मध्ये यूएस ओपन जिंकली ती अशाच मुठी वापरून. पण तो तरुण आहे, कमालीचा बलवान आहे आणि मनगटांचा वापर कमी व्हावा अशाच बेताने त्याने आपला खेळ घडवला आहे. सत्तरीच्या गृहस्थांनी त्याच्यासारखी मूठ घ्यायला हरकत नाही, मात्र कारण त्याचे नसावे, आपले असावे.

उतरत्या वयाचा हात

हाताच्या पकडीचा जोर तारुण्यात आणि मध्यमवयाच्या प्रारंभी सर्वाधिक असतो, नंतर हळूहळू ओसरतो. डायनामोमीटर नावाच्या साध्या उपकरणाने तो मोजता येतो. सार्कोपेनिया, म्हणजे वाढत्या वयातील स्नायूक्षय, ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलो यांहून कमी जोर हा क्षीण मानला जातो. २०१५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतील लोकांच्या अभ्यासात कमकुवत पकडीचा संबंध मृत्यूच्या व हृदयविकाराच्या वाढत्या धोक्याशी आढळला होता. पकड हे कारण नव्हे, ते एकंदर प्रकृतीचे चिन्ह आहे. तरी वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हा जोर मोजावयास सांगणे उचित.

हातोडा, फावडे यांसारखी अवजारे भक्कम धरण्यासाठी श्रमविज्ञानातील तज्ज्ञ साधारणतः ३० ते ५० मिलिमीटर व्यासाची मूठ सुचवतात. गोल्फची स्टँडर्ड मूठ २३ मिलिमीटर, म्हणजे त्याहून बरीच बारीक. यात चूक कोणाची नाही; या खेळात जोराइतकीच बोटांची नजाकत लागते आणि मूठ या दोहोंमधील तडजोड आहे. मात्र ती तडजोड निरोगी बोटे गृहीत धरून केलेली आहे. जोर ओसरला, सांधे दुखू लागले की तोल थोडा जाडीकडे झुकवावा लागतो.

उतारवयात हातात सर्वाधिक आढळतो तो झिजेचा संधिवात. बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर कठीण गाठी येतात आणि अंगठ्याचा मनगटाजवळचा सांधा दुखू लागतो. हा सांधा मोठा मानी आहे. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या अनेक पट भार त्याच्यावर पडतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा अंगठा मुठीवर लांबवर टेकलेला असतो आणि क्लब डोक्यामागे गेल्यावर त्याचे वजन तोच पेलतो. अशा वेळी जाड मुठीबरोबरच अंगठा थोडा मागे आखडून ठेवल्यास ताण कमी होतो.

दोन्ही हात एकमेकांत गुंफण्याची पद्धतही येथे महत्त्वाची ठरते. हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत उजव्या करंगळीला डाव्या तर्जनीवर विसावू देते. जॅक निक्लॉस यांनी, हात लहान असल्याने, करंगळी व तर्जनी एकमेकींत अडकवण्याची पद्धत स्वीकारली आणि ती जगभर अनुकरणीय ठरली. पण ज्यांची पेरे सुजली आहेत त्यांच्यासाठी बोटे अडकवणे म्हणजे दाराच्या फटीत बोट ठेवण्यासारखे आहे. दहाही बोटे मुठीवर शेजारी शेजारी ठेवण्याची साधी पद्धत पुष्कळदा अधिक सुखावह ठरते. तीत कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

कोपराचे दुखणेही याच साखळीतले. कोपराच्या आतील हाडापाशी होणाऱ्या दुखण्यास ‘गोल्फर्स एल्बो’ असे नावच पडले आहे, पण गोल्फपटूंना बाहेरील बाजूचे, टेनिसच्या नावाने प्रसिद्ध असलेले दुखणेही होते; उजव्या हाताच्या खेळाडूत ते बहुधा डाव्या कोपरात असते. दोन्हींच्या मुळाशी बोटे आणि मनगट हलवणाऱ्या स्नायूंवर वारंवार पडणारा ताण असतो. त्यामुळे अनावश्यक आवळणे कमी झाले तर कोपरासही उसंत मिळते. चेंडूऐवजी जमिनीवर आदळणारे फटके आणि सिमेंटवर अंथरलेल्या पातळ चटईवरील सराव मात्र कोणत्याही मुठीने निरुपद्रवी होत नाहीत.

संधिवात आला म्हणजे खेळ संपला, असे नाही. फिल मिकल्सन यांना २०१० साली सोरायसिसशी निगडित संधिवाताचे निदान झाले. औषधोपचार घेत त्यांनी २०१३ मध्ये ब्रिटिश ओपन आणि २०२१ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. त्या विजयाचे श्रेय मुठीला देता येणार नाही. पण निदानानंतरही हात अशी कामगिरी करू शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आपले माप कसे शोधावे

दुकानांत केली जाणारी चाचणी सोपी आहे. उजव्या हाताच्या खेळाडूने क्लब डाव्या हातात नेहमीप्रमाणे धरावा. मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याला अलगद टेकली तर माप योग्य. बोटे त्या उंचवट्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे आणि मध्ये फट राहत असेल तर जाड.

परंतु ही चाचणी पूर्ण मिटणाऱ्या बोटांसाठी आहे. सुजलेली पेरे मुळातच पुरती मिटत नाहीत, त्यामुळे फट मुठीची की सांध्याची, हे कळत नाही. अशांनी बोटांच्या टोकांपेक्षा दुसऱ्या दिवसाच्या सकाळीवर भरवसा ठेवावा. वीस-पंचवीस फटके मारा, तळहातावर उठलेले वळ पाहा, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहा आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना हात कुरकुरतो का याची नोंद ठेवा. आठवडाभरात चित्र स्पष्ट होते.

वेळेचाही विचार करावा. संधिवाती हात सकाळी आखडलेला व काहीसा फुगलेला असतो आणि दिवस चढेल तसा सैलावतो. जो मनुष्य सकाळी साडेसहाला खेळतो, त्याने सायंकाळी पाचला दुकानात जाऊन मूठ पसंत केली, तर ती भलत्याच हातासाठी घेतल्यासारखे होते. शक्यतो आपल्या खेळण्याच्या वेळी, आपल्या मैदानावरच चाचणी घ्यावी.

सगळ्याच क्लबांच्या मुठी एकदम बदलू नयेत, हे आमचे आग्रहाचे सांगणे. सात नंबरच्या आयर्नसारखा एखादा नेहमीच्या वापरातील क्लब निवडावा आणि त्यावरच प्रयोग करावा. दांड्यावर चिकटपट्टीचे एक-दोन वेढे अधिक देऊन मग मूठ चढवली, तरी जाडी वाढते; एका वेढ्याने व्यास साधारणतः एक चौसष्टांश इंचाने वाढतो असा कारागिरांचा हिशेब आहे. नेहमीची मूठ खाली निमुळती होत जाते, त्यामुळे खालच्या हाताला ती अधिकच बारीक लागते. उजवा हात दुखत असेल तर केवळ त्या भागात अधिक वेढे द्यावेत, किंवा कमी निमुळती मूठ मागावी. वरचा हात पूर्वीसारखा राहिल्याने खेळाची ओळखीची जाणीवही टिकते.

वजनाकडे मात्र लक्ष असू द्या. स्टँडर्ड मूठ सुमारे ५० ग्रॅमची असते; जाड मुठी बहुधा त्याहून जड असतात. हाताकडचे वजन वाढले की टोकाचे डोके हलके भासते आणि क्लब चेंडूपाशी केव्हा पोहोचतो याचा अंदाज चुकतो. पहिल्या काही दिवसांतील वेडेवाकडे फटके पुष्कळदा या बदललेल्या तोलाचे असतात. हलक्या वजनाच्या जाड मुठीही मिळतात. आमच्या मते ज्येष्ठांनी त्याच आधी पाहाव्यात.

ज्यांना कोठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांनी पटरपासून करावी. हिरवळीवर चेंडू होलाकडे ढकलणाऱ्या या क्लबला वेग नाही, धक्का नाही. जाड मुठीने येथे मनगटांची चुळबुळ कमी होते आणि हात सैल राहतो. दक्षिण कोरियाचे के. जे. चोई यांनी २००७ मध्ये भलीमोठी पटर-मूठ वापरून अमेरिकेतील स्पर्धा जिंकली, तेव्हा अनेकांना ती गंमत वाटली होती. आज तशा मुठी सर्रास दिसतात.

स्पर्धा खेळणाऱ्यांच्या मनात नियमांची शंका येते. मुठीचा व्यास १.७५ इंचांपर्यंत नियमांना मान्य आहे आणि जम्बो मुठी त्याच्या पुष्कळ आत असतात. पटर वगळता अन्य क्लबांची मूठ गोल असावी लागते आणि तिला मध्येच फुगवटा वा खाच चालत नाही. म्हणून दुखऱ्या बोटांसाठी घरी फोम गुंडाळून केलेली ओबडधोबड मूठ सरावापुरती ठीक. स्पर्धेपूर्वी समितीस विचारावे. वैद्यकीय कारणासाठी लागणाऱ्या साधनांचा विचार करण्याची तरतूद नियमांतच आहे.

डॉक्टरांकडे केव्हा

मूठ बदलणे हा उपचार नव्हे, ही केवळ सोय आहे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काळ टिकत असेल, सांधे गरम व सुजलेले असतील, दोन्ही हातांत सारखाच त्रास असेल, तर तो आमवात असू शकतो आणि त्यावर लवकर औषधे सुरू होणे अगत्याचे असते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन जाग येणे हे मनगटातील मज्जातंतू दबल्याचे, म्हणजे कार्पल टनेलचे, लक्षण आहे. बोट दुमडल्यावर अडकून पडणे आणि मग खटकन सुटणे याला ट्रिगर फिंगर म्हणतात. मधुमेह्यांत ते अधिक आढळते.

एक दुखापत विशेष सांगण्याजोगी आहे, कारण ती हुलकावणी देते. क्लब जमिनीवर जोराने आदळला की मुठीचे टोक डाव्या तळहातात, करंगळीच्या बाजूस, रुतते आणि तेथील हॅमेट नावाच्या लहान हाडाचा आकडा मोडू शकतो. साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही. त्या जागी दाबल्यावर दुखणे कायम राहिले तर ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. सीटी स्कॅनची गरज आहे का, हे विचारावे. मुठीचे टोक तळहाताच्या आत न ठेवता किंचित बाहेर राहील अशी पकड ही त्यावरील खबरदारी.

सांभाळणाऱ्यांसाठी

आई-वडिलांचा हात दुखतो आहे हे मुलांच्या ध्यानी येते तेव्हा पहिला सल्ला निघतो तो खेळ बंद करण्याचा. तो देण्यापूर्वी दिवसभरात तो हात आणखी काय काय करतो हे पाहावे. घट्ट बरणीचे झाकण उघडणे, ओले कपडे पिळणे, पातळ दांड्याच्या सुरीने भाजी चिरणे, जड पिशवी बोटांवर पेलणे. ही कामे त्याच सांध्यांवर भार टाकतात आणि ती रोज होतात. आठवड्यातून दोनदा होणाऱ्या खेळावर सारा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

दांडा जाड केला की आवळावे कमी लागते, हे तत्त्व घरातही लागू पडते. व्यवसायोपचार तज्ज्ञ संधिवाताच्या रुग्णांना ते नेहमी सुचवतात. अमेरिकेतील सॅम फार्बर या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सी यांना, संधिवातामुळे साले काढण्याचे सोलाणे धरणे जड जाऊ लागले. त्यातून जाड, मऊ रबरी मुठींची स्वयंपाकाची साधने १९९० मध्ये ऑक्सो या नावाने बाजारात आली. आपल्याकडे उलथणे, सुरी, दात घासण्याचा ब्रश किंवा पेन यांवर फोमची नळी चढवून अथवा सुती पट्टी गुंडाळून हेच अल्प खर्चात साधते. मात्र पट्टी ओली राहू देऊ नये आणि ती वरचेवर बदलावी.

खेळासंबंधीही घरच्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. अठराऐवजी नऊ होल, सरावात शंभराऐवजी तीस चेंडू, खेळण्यापूर्वी कोमट पाण्यात पाच मिनिटे हात, एवढ्याने फार फरक पडतो. नातवाचे बोट धरून रस्ता ओलांडताना आजोबा जितक्या जोराने धरतात, सुटू नये पण दुखूही नये इतपत, तितकाच जोर क्लबला पुरे, हे नातवालाच सांगायला लावावे. मुलांचे सांगणे आजोबा ऐकतात. जुनी मूठ धारदार पात्याने कापून काढावी लागते आणि नवी चढवताना ज्वलनशील द्रावक वापरतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे काम स्वतः करू नये, ते कारागिरावर सोपवावे.

शेवटी मुठीच्या निगेविषयी थोडेसे. घाम, तेलकटपणा आणि ऊन यांमुळे रबर कडक व गुळगुळीत होते आणि मग योग्य मापाची मूठही आवळावी लागते. महिन्यातून एकदा कोमट पाणी व सौम्य साबण लावून मऊ ब्रशने घासावे, कोरड्या कापडाने पुसून सावलीत वाळवावे. नियमित खेळणाऱ्यांनी वर्षाकाठी मुठी बदलाव्यात. पावसाळ्यासाठी सुताचे धागे घातलेल्या खरखरीत मुठींची शिफारस केली जाते. त्या ओल्यातही निसटत नाहीत, पण उतारवयातील पातळ त्वचेला त्या सोलवटतात. अशा त्वचेच्या व्यक्तींनी मऊ रबराची मूठच ठेवावी, दोन्ही हातांत मोजे घालावेत आणि पिशवीत एक कोरडा पंचा ठेवावा. पावसाचा जोर वाढला, तर त्या दिवशी क्लबहाउसमध्ये बसून चहा घ्यावा.